एक आडवा फोटो

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थाला कुणी नावाने हाक मारत नाही. तो ज्या इस्पितळात काम करतो तिथल्या लोकांनी त्याला 'उभाआडवा' हे नाव ठेवलं. ते कसं कोण जाणे आमच्या जिन्यापर्यंत आलं आणि मग घरोघरी गेलं. आता पोस्टमनसुद्धा विचारतो, "उभेआडवे आहेत का घरी?"

त्याची आणि माझी ओळख एका कपाटामुळे झाली. मी नवीन कपाट करून घेतलं होतं. सुतार आणि मी त्याच्या समोर उभे राहून, बारशाला बाळ बघावं तसे त्याच्याकडे बघत होतो. दार उघडं होतं. हा सपाता फटफटवत आत आला, हात पाठीमागे बांधले, कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "समोरून छान आहे. आता बाजूने बघा."

आम्ही बाजूने पाहिलं. कपाट पुढे झुकलं होतं. कुणी मोठा माणूस खोलीत येणार आहे आणि आपण आधीच वाकून राहिलेलं बरं, असा त्याचा आविर्भाव होता.

"हे कोण?" सुताराने विचारलं.

"शेजारी."

"तुमच्या शेजाऱ्यांना काही कामधंदा नाही का?"

होता. फार मोठा होता. शिवाय तो कपाट बघण्याच्या धंद्याहून फारसा वेगळा नव्हता.

उभाआडवा एमआरआयच्या मशीनवर तंत्रज्ञ आहे. तळघरात एक जाड दाराची खोली, खोलीत खोलीएवढंच एक लोहचुंबक, चुंबकाच्या पोटात बोगदा, बोगद्यात माणूस. हा काचेच्या अलीकडे बसतो आणि माईकवरून सांगतो, "श्वास सोडा. धरा. हलू नका." एकवीस वर्षं तो लोकांना हलू नका म्हणतोय. घरी त्याचं कुणीच ऐकत नसल्यामुळे त्याला ही नोकरी मनापासून आवडते, असं त्याची बायको म्हणते.

गेली बारा वर्षं तिथे सुईचंही काम चालतं. पोटात काही गाठी अशा असतात की त्या दुसऱ्या कुठल्याच तपासणीत नीट दिसत नाहीत, फक्त या मशीनमध्ये दिसतात. गाठ साधी की वाईट हे कळायला तिचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढावा लागतो. म्हणून माणसाला मशीनमध्ये ठेवूनच सुई घालायची. दर सेकंदाला एक नवा फोटो पडद्यावर येत राहतो. डॉक्टरीणबाई खांद्यापर्यंत हात बोगद्यात घालून, डोळे पडद्याला लावून, सुई पुढे सरकवत राहतात. सुई चुंबकाला दाद न देणाऱ्या धातूची असते. फोटोत तिची काळी रेघ दिसते. रेघेचं टोक गाठीत शिरलं की तुकडा घ्यायचा. मशीनचा आवाज असा, की शेजारच्या खोलीत कुणी पत्र्याचं छप्पर ठोकतंय. बोलणं अशक्य. म्हणून काचेतून खुणा. बाईंनी पंजा उभा धरला की उभा फोटो, आडवा धरला की आडवा, मूठ वळली की थांब.

आणि इथेच या माणसाचं नाव जन्माला आलं. त्याने ते मला आमच्या जेवणाच्या टेबलावर एक लिंबू आणि विणकामाची सुई घेऊन समजावलं होतं. सुई लिंबावर टेकवल्यासारखी धरली आणि म्हणाला, "लागली?"

"लागली."

"आता टेबलाच्या त्या बाजूने ये."

मी वळसा घालून गेलो. सुई लिंबाच्या चांगली दोन बोटं मागे, हवेत होती.

"समोरून बघणारा प्रत्येक जण म्हणतो, लागली," तो म्हणाला. मग त्याने लिंबू कापलं आणि सरबत केलं. ते मात्र बिघडलं.

तर, उभ्या फोटोत सुई गाठीत दिसली तरी तुकडा घ्यायच्या आधी एक आडवा फोटो, म्हणजे बाजूने बघितल्यासारखा, घ्यायचाच, हा त्याचा नियम. दिशा बदलून तो काढायला वीस सेकंद लागतात. ऐकायला काहीच नाहीत. पण दंड डोक्यावर, पोटात सुई, श्वास सोडून धरलेला, अशा माणसाला वीस सेकंद म्हणजे काय ते त्यालाच विचारावं. डॉक्टरीणबाईही वैतागायच्या.

"आलं का तुझं आडवं? अरे, माझा हात आहे हा. अंदाज नाही."

"हात तुमचाच आहे बाई. पण गाठ तुमची नाही."

बाईंचा हात खरोखर सोन्यासारखा. तरीही बारा वर्षांतल्या चारेकशे सुयांपैकी एकोणीस वेळा असं झालं, की उभ्यात सुई मधोमध आणि आडव्यात शेजारून निघून गेलेली. बाईंनाही तो आकडा पाठ होता. म्हणून त्या तोंडाने कुरकुर करायच्या आणि हाताने पंजा आडवा धरायच्या.

पेशंट मात्र त्याला जन्माचा वैरी समजत. प्रत्येकाच्या हातात एक रबरी फुगा दिलेला असतो. घाबरलात तर दाबा, बाहेर घंटा वाजते. उभ्याआडव्याला त्या घंटेची भाषा येते. छोटी वाजली तर नाक खाजतंय. लांब वाजली तर भीती वाटतेय. लागोपाठ दोनदा वाजली तर तुझं वाटोळं होवो. तिन्हींना त्याचं उत्तर एकच. "वीस सेकंद. धरा." एक निवृत्त मुख्याध्यापक बाहेर आल्यावर उठून बसले आणि म्हणाले, "मी चाळीस वर्षं मुलांना झोडपलं, पण तुमच्यासारखा दुष्ट माणूस पाहिला नाही." याने त्यांना चहा आणून दिला आणि घरी येऊन हा किस्सा बक्षीस मिळाल्यासारखा सांगितला.

हे सगळं मी अजूनही हसत सांगू शकतो. पुढचं सांगताना जमेल तसं.

त्याला एक ताई होती. त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. दोन गल्ल्या पलीकडे तिचं शिवणाचं दुकान, वर घर. जीभ कात्रीसारखी. सगळ्या गल्लीच्या बायका तिच्याकडून कपडे शिवून घ्यायच्या आणि मापाबरोबर टोमणेही घेऊन जायच्या. "कंबर चौतीस लिहू की खरी लिहू?" हे तिचं वाक्य प्रसिद्ध होतं. मेहुणे बसडेपोतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब. त्यांनी उभ्या आयुष्यात बायकोच्या बोलण्याला एकदाच विरोध केला होता, आणि तो तिला ऐकू गेला नव्हता.

ताईच्या यकृतात गाठ सापडली. दुसऱ्या कुठल्या तपासणीत दिसेना. म्हणजे सुई, म्हणजे तळघर, म्हणजे धाकटा भाऊ. हे काम येणारा तंत्रज्ञ इस्पितळात एकच होता.

"आयुष्यभर मी लोकांच्या कपड्यांत सुया खुपसल्या," ती म्हणाली. "आता सुईनेच उट्टं काढायचं ठरवलंय."

कपडे बदलायला जायच्या आधी त्याने तिच्या ब्लाउजच्या गळ्यातून आणि पदराच्या काठातून सात टाचण्या काढल्या. "अगं, चुंबक आहे ते! या उडून तुझ्याच डोळ्यात जातील." "मग कात्री पण काढून ठेव," ती म्हणाली आणि खरंच कमरेला खोचलेली कात्री काढून दिली. श्वासाचा सराव तिला द्यावाच लागला नाही. लहानपणी दोघं पाण्याच्या बादलीत तोंड बुडवून पैज लावायची. हा दर वेळी हरायचा आणि नाकातोंडात पाणी गेलं म्हणून आईकडे तक्रार करायचा. "सोड, धर, एवढंच ना?" ताई म्हणाली. "तू मोज. दमशील."

तिचा श्वास दगडासारखा स्थिर होता. दगा दिला तो खांद्याने. चाळीस वर्षं शिवणाच्या मशीनवर वाकून तो खांदा कामातून गेला होता, आणि हात डोक्यावर घेऊन तिला अर्धा तास झाला होता. सुई आत होती. उभ्या फोटोत काळ्या रेघेचं टोक गाठीच्या अगदी मध्यावर होतं, चित्र काढून ठेवावं इतकं नेमकं.

तेवढ्यात घंटा वाजली. छोटी नाही, लांब नाही, दोनदाही नाही. तिने फुगा दाबला तो सोडलाच नाही. घंटा वाजतच राहिली. मशीन क्षणभर थांबलं आणि माईकवर आवाज आला, "धाकट्या, काढ रे. खांदा तुटतोय. काढ ना रे, धाकट्या."

उभाआडवा तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता. त्याला धाकट्या म्हणणारं जगात एवढंच माणूस उरलं होतं. आणि या माणसाने आजवर त्याला हुकूम सोडले होते, विनवणी कधी केली नव्हती.

काचेपलीकडे डॉक्टरीणबाईंनी सवयीने पंजा आडवा धरला. मग त्याच्या तोंडाकडे पाहून भुवया उंचावल्या. घ्यायचा का?

इतक्या वर्षांत बाईंनी पहिल्यांदाच विचारलं होतं. आणि याने मान हलवली. नको. पुरे. घ्या तुकडा.

बाईंनी घेतला. ज्या माणसाचा हट्ट त्याच माणसाची बहीण, आणि तोच पुरे म्हणतोय, तर त्या कशाला अडून बसतील? वीस सेकंद वाचले. ताई बाहेर आली, खांदा चोळत म्हणाली, "मेल्या, एवढा वेळ लावतात?"

आठवड्याने अहवाल आला. 'मिळालेल्या नमुन्यात रोगाची लक्षणे आढळली नाहीत.' मेहुण्यांनी त्यातले शेवटचे चार शब्द वाचले आणि फोनवर रडले. उभ्याआडव्याने पहिले दोन वाचले.

ताईने सगळ्यांना जेवायला बोलावलं. मीही होतो. हा ताटात बोटं फिरवत बसला होता. ताई वाढता वाढता म्हणाली, "बघा बघा, मी मरत नाही म्हणून याचं तोंड कसं उतरलंय!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. मला विनोदाची चांगली जाण आहे, असं लोक म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"बाई, पुन्हा करायला हवी."

"करू. घरच्यांना सांग, का ते."

"तुम्ही सांगा ना."

"काय सांगू?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी विचारलं आणि तू नको म्हणालास, हे सांगू? की तुझ्या नको म्हणण्यावर मी विसंबले, हे सांगू?"

बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग बाई म्हणाल्या, "तीन महिन्यांनी फोटो काढून बघू. बहुतेक काही नसेलच."

'बहुतेक' हा शब्द घेऊन तो घरी आला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. पण निदान काडीला तरी ठाऊक असतं की आपण काडी आहोत.

नाही म्हणायला तो दोनदा ताईकडे गेला. "पुन्हा एकदा करून घेऊ या."

"का? मशीन बिघडलं होतं?"

"नाही."

"डॉक्टरीण बिघडली होती?"

"नाही गं."

"मग तू बिघडलायस. ऊठ, मला काजं करायचीत."

दुसऱ्या वेळी मेहुणेच आडवे आले. आयुष्यातला दुसरा विरोध त्यांनी इथे खर्च केला. "तिला आजारीच ठरवायचंय का तुला? चांगला कागद आलाय. तुझ्याच इस्पितळाचा आहे."

एक वाक्य बोलायचं होतं. 'मी आडवा फोटो घेतला नाही.' पाच शब्द. मशीनवर बसून रोज शंभर वेळा माणसांना काय करायचं ते सांगणाऱ्या या गृहस्थाला हे पाच शब्द बोलायला चौदा आठवडे लागले. मध्ये एकदा, सहाव्या आठवड्यात, त्याने जिन्यात मला थांबवून सगळं सांगितलं. माझ्या हातात भाजीची पिशवी होती. मी त्याच्या पाठीवर थोपटून काय म्हणालो असेन? "अरे, बहुतेक काही नसेलच." मग वर जाऊन भाजी निवडली.

चौदाव्या आठवड्यात फोटो काढला. गाठ दुप्पट झाली होती आणि शेजारी आणखी दोन बारक्या उगवल्या होत्या. त्या दुपारी तो सरळ दुकानात गेला. ताई एका झग्याची खालची दुमड घालत होती. तो उभ्या उभ्याच बोलला. सुई, उभा फोटो, आडवा फोटो, पंजा, मान. सगळं. ताईने मशीन थांबवलं नाही. दुमड संपवली, दोरा दाताने तोडला.

"म्हणजे त्या दिवशी तुकडा गाठीचा नव्हताच?"

"बहुतेक नव्हता."

"बहुतेक गेलं चुलीत. नव्हता ना?"

"नव्हता."

"तेव्हा कापून काढता आली असती?"

"बाई म्हणतात, आली असती."

"आणि आता?"

ताईने झगा उलटा करून शिवण तपासली.

"बाकीच्यांनी काढ म्हटलं की काढतोस?"

"नाही."

"ओरडले तरी?"

"नाही."

"जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस," ताई म्हणाली. "अभ्यास कर म्हटलं, नाही केलास. थंडीत कान झाक म्हटलं, नाही झाकलेस. एकदा ऐकलंस. नेमकं तेव्हाच ऐकायला सुचलं तुला."

मग तिने पाय पुन्हा मशीनच्या पायडलवर ठेवला.

दुसऱ्यांदा सुई घातली तेव्हा ताईने फुगा हातात घ्यायलाच नकार दिला. दंड डोक्यावर, खांदा तसाच, डोळे छताला. हूं की चूं नाही. गाठ एव्हाना इतकी मोठी झाली होती की डोळे मिटून टोचली असती तरी लागली असती. तरी याने आडवा फोटो घेतला. दोन वेळा घेतला. काचेपलीकडून बाईंनी एकदाही घाई केली नाही. या वेळच्या कागदात 'आढळली' होतं, 'नाहीत' नव्हतं.

ताई त्यानंतर आठ महिने होती. तिने त्याला घरातून हाकललं नाही आणि माफही केलं नाही. कुणी भेटायला आलं की ओळख करून द्यायची, "हा माझा भाऊ. फार प्रेमळ आहे." येणारे म्हणायचे, "वा, वा, नशीबवान आहात." ताई म्हणायची, "हो ना. सगळ्यांशी दुष्ट आहे. प्रेम फक्त माझ्यावर." हा खाली मान घालून ऐकायचा. मेहुणे उठून आत जायचे.

औषधांनी तिच्या बोटांची जाणीव गेली. सुईत दोरा ओवता येईना. तो रोज ड्युटी संपली की जायचा, तिच्या समोर बसून एकापाठोपाठ एक सुया ओवून टाचण्यांच्या छोट्या गादीत टोचून ठेवायचा. दुसऱ्या दिवशीची सोय. चष्मा कपाळावर, जीभ दातात धरलेली. एखादी चुकली की ताई म्हणायची, "लागली म्हणू नकोस हं. बाजूने बघ आधी." शेवटच्या पंधरवड्यात ती शिवत नव्हती, तरी तो ओवत होता. गेली तेव्हा गादीत एकतीस सुया होत्या, सगळ्यांत पांढरा दोरा. मेहुण्यांनी ती गादी तशीच त्याच्या हातात दिली. त्याच्याशी ते आजतागायत बोललेले नाहीत.

गेल्या वर्षी माझ्याच मूत्रपिंडात काहीतरी दिसलं आणि मी त्या तळघरात गेलो. मनात म्हटलं, आपला माणूस आहे, सांभाळून घेईल. सांभाळून कसला घेतोय! आत गेल्याबरोबर तो मला 'तुम्ही' म्हणायला लागला. किल्ल्या काढा. पट्टा काढा. पालथे व्हा. हलू नका. वीस वर्षं माझ्या घरी चहा पिणारा माणूस, आणि ओळख नाही की देख नाही.

पालथं पडून माझी मान अवघडली, हातांना मुंग्या आल्या. पाठीत सुई, कानात छप्पर ठोकल्याचा आवाज. तोंडासमोर एक छोटा आरसा होता, त्यात काच दिसत होती. काचेपलीकडे तो उभा होता. डॉक्टरीणबाईंनी अजून काही खूण केली नव्हती, पण याचा पंजा आधीच काचेला चिकटलेला होता. आडवा.

मी फुगा दोनदा दाबला. म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. आवाज थांबल्याबरोबर ओरडलो, "अरे, सोड रे बाबा! शेजारी ना मी तुझा? ताईच्या घरी एका पंगतीला जेवलोय आपण!"

माईक उघडा होता.

"म्हणूनच," तो म्हणाला. "वीस सेकंद. धरा."

त्या वीस सेकंदांत मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, अर्थात मनातल्या मनात, कारण श्वास धरलेला होता. सुई नेमकी गाठीत होती. उभ्यातही आणि आडव्यातही. माझी गाठ पुढे साधी निघाली. पण ते नंतर कळलं. त्या घडीला मला फक्त मान दुखत होती एवढंच कळत होतं. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर खेकसलो, "काय मिळालं? बरोबरच होती ना सुई? फुकट गेले वीस सेकंद!"

"जाऊ देत फुकट," तो म्हणाला. माझ्या हातात चहाचा कप दिला आणि दाराबाहेर बसलेल्या पुढच्या माणसाच्या खिशातल्या किल्ल्या काढून घ्यायला गेला.